‘कपाट’च्या यादीतून मी काढलेली नोंद

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या सहकाऱ्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात जळगावच्या एका कॉलेजात माझं भाषण झालं. विषय नेहमीचाच, ओपन सोर्स प्रकल्प यशस्वी कशामुळे होतो. टाळ्या पडल्या. परतताना पारोळा मागे पडलं आणि बसमध्ये बसल्या बसल्या मला माझ्याच आवाजाची शिसारी आली.

मी धुळ्यात, देवपुरात राहतो. कॉम्प्युटर शिकवतो. बऱ्याच वर्षांपूर्वी गावोगावच्या वाचनालयांसाठी मी एक सॉफ्टवेअर लिहिलं — ‘कपाट’. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, कधी परत येणार, सगळं मराठीत. फुकट आणि उघडं. उघडं म्हणजे कोड कुणीही वाचावा, सुधारावा; चूक सापडली तर सगळ्यांना दिसेल अशा यादीत लिहावी. भाषणात हा ‘उघडं’ शब्द मी फार ठासून म्हणतो.

पहिली दोन वर्षं ते जवळजवळ कुणी वापरलंच नाही, हे मात्र म्हणत नाही. तीन वाचनालयांनी घेतलं, त्यातल्या दोघांनी सोडलं. मग मुक्ताईनगरकडच्या एका छोट्या वाचनालयातून सुनंदाताईंचा फोन आला. त्या तिथल्या ग्रंथपाल. कोड म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण कुठल्या बटणापाशी माणूस अडतो, कुठला शब्द वाचून घाबरतो, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही वाचून मी निम्मे शब्द बदलले. पुढे त्यांनी ‘कपाट’ची पुस्तिका लिहिली, इतकी सोपी की साठीतला माणूसही ती समोर ठेवून काम करू लागला. पुस्तिकेवर स्वतःचा फोन नंबर दिला. सुट्टीच्या दिवशी एसटीने रावेर, यावलला जाऊन तिथल्या ग्रंथपालांशेजारी बसून शिकवायच्या. वाचनालयं जोडली गेली ती तेव्हापासून. कोड माझा होता. पण लोक कोडसाठी आले होते का?

मला पुण्याच्या एका संमेलनात नवी आवृत्ती दाखवायची होती. घाईघाईत मी नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणारं बटण नव्याने लिहिलं. आठवड्याभरात सुनंदाताईंचा फोन आला.

“सर, पेन ड्राइव्हवर जुनी प्रत असली ना, तर हे बटण उलटं चालतंय. तिथलं जुनं कॉम्प्युटरवर उतरवतंय. मधल्या नोंदी जातात. मी दोनदा करून पाहिलं. यादीतही टाकलंय.”

बघतो म्हणालो. बघितलं नाही. का नाही? वेळ नव्हता असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. खरं हे, की मला वाटलं — यांना काय कळतं. चुकीचं काहीतरी दाबलं असेल.

तीन आठवड्यांनी धुळे तालुक्यातल्या एका गावातल्या नानांनी तेच बटण दाबलं. नाना तिथलं वाचनालय सांभाळायचे. आठ महिने एका बोटाने टाइप करून त्यांनी सगळी रजिस्टरं ‘कपाट’मध्ये उतरवली होती. पेन ड्राइव्हवर होती ती पहिल्या दिवशीची, कोरी प्रत. तीच कॉम्प्युटरवर उतरली आणि आठ महिन्यांचं सगळं गेलं.

“सर, बठ्ठं गयं,” ते फोनवर म्हणाले. अगदी हळू. “आते काय करू मी?”

यादीवर लोक विचारू लागले. मी कोड उघडला. दहा मिनिटांत चूक सापडली. सुनंदाताईंनी सांगितली होती तीच, तशीच. त्यांची नोंद यादीत होती, तारखेसकट. कुणीही ती पाहिली असती तर कळलं असतं की मला आधी सांगितलं गेलं होतं. ती नोंद काढून टाकायचा अधिकार फक्त मला होता.

मी ती काढली.

मग बटण गुपचूप दुरुस्त केलं, दुसऱ्या दहा बदलांच्या गर्दीत. आणि सगळ्यांसाठी लिहिलं : पुस्तिकेतल्या सूचनेमुळे हा प्रकार घडला, सूचना सुधारली आहे. पुस्तिकेत ‘नेहमी एकच पेन ड्राइव्ह वापरा’ असं वाक्य होतं. जुनं बटण आधीच्या प्रतीवर नवी प्रत ठेवायचं, त्यासाठी ते बरोबरच होतं. पुस्तिका कुणी लिहिली, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “सर, मी नोंद टाकली होती. आता दिसत नाहीये.”

“सेव्ह झाली नसेल, ताई.”

“पण मी फोनवरही बोलले होते ना तुमच्याशी?”

“ते दुसऱ्या बटणाबद्दल होतं.”

त्या म्हणाल्या, “असेल. माझाच गोंधळ झाला असेल.”

त्यांनी रजा टाकली आणि त्या नानांच्या गावी गेल्या. त्यांच्याशेजारी बसून रजिस्टरांवरून पुन्हा टाइप करत राहिल्या, रजा संपेपर्यंत. माझ्या घरापासून ते गाव तासाभराच्या अंतरावर आहे. मी गेलो नाही.

पुढे त्यांनी पुस्तिका दुसऱ्या कुणाकडे द्या म्हणून कळवलं. माझ्याकडून पुन्हा कुणाचं नुकसान नको, असं लिहिलं होतं. दुसरं कुणी मिळालं नाही. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं मिळेनाशी झाली. वाचनालयं एकेक करून सुटत गेली. ‘कपाट’ आज फक्त माझ्या भाषणांत आहे — तिथे ते यशस्वी आहे, आणि त्या यशात सुनंदाताईंचं नाव मी एकदाही घेतलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भुसावळला एका लग्नात त्या भेटल्या. वरण-बट्टीची पंगत उठली होती. त्यांनी हात धुतले आणि मुलीला हाक मारली. ती कॉम्प्युटर शिकते.

“हे सर,” त्या तिला म्हणाल्या. “माझ्या चुकीने एकदा एका वाचनालयाच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या, सांगितलं होतं ना तुला? सरांनी तेव्हा सांभाळून घेतलं. एका शब्दाने बोलले नाहीत मला.”

मुलगी वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुखी राहा म्हणालो.