'धुणे'ची सहा रूपं

"तू फक्त पहिलं रूप पाठ कर. लावो. मी धुतो. बाकीची पाच तुला लागायची नाहीत."

सर म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसलो.

साल दोन हजार. मी बारावी झालो होतो. इटालियन जहाजांवर वेटर भरतात म्हणून रत्नागिरीत एसटी स्टँडमागे इटालियन भाषेचा क्लास निघाला होता. शिकवणारे सर जहाजावरून निवृत्त झालेले. फळ्यावर त्यांनी 'लावारे' लिहिलं. धुणे. बागायतदारांच्या, वकिलांच्या मुलांना एकेक रूप देऊन वाक्यं करायला लावली. माझ्यापाशी आले नि नाक मुरडलं. माझी आई मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर कोळंबी सोलायची. सकाळी मीही तिच्यासोबत बसायचो. बोटांचा वास साबणाने जात नसे.

"चल, सराव कर," म्हणत सरांनी सगळ्यांचे चहाचे कप माझ्यापुढे सरकवले. मी मोरीत बसून धुतले. दुसऱ्या दिवशी कोणी सांगितलंही नाही. मी आपणहून उठलो. असे आठ दिवस. वर्गातून कुणीतरी हाक मारायचं, "ए लावो!" आणि मी ओ द्यायचो. त्या ओ देण्याची लाज अजून जात नाही.

नवव्या दिवशी आई घराची किल्ली द्यायला आली. मोरीच्या दारात थबकली.

"तू शिकायला आलायस ना रे? मग ह्यांनी आपले हात बांधून ठेवलेनी काय?"

मी मान वर केली नाही. ती गेली.

त्याच दिवशी वर्गातल्या एका मुलीकडून वही मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी सोलताना सहाही रूपं घोकली. आईने अर्थ विचारला. मी सांगितला. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते.

"म्हणजे सगळीच धुतात म्हण की," ती म्हणाली.

क्लासमध्ये सरांनी रिकामा कप पुढे केला. मी उभा राहिलो.

"लावो. लावी. लावा. लावियामो. लावाते. लावानो."

कप त्यांच्या हातातच राहिला.

"लावाते म्हणजे तुम्ही धुता, सर. तुमचा कप तुम्ही धुवा."

कोणी हसलं नाही.

"चालता हो!"

झालो. सर जहाज कंपनीला देणार होते ते शिफारसपत्र गेलं. त्याबरोबर जहाजही गेलं.

याला धाडस म्हणू नका. जे दहाव्या दिवशी बोललो ते पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं. पण एक ठरवलं ते ठरवलं. माझं शिक्षण कुठे थांबवायचं, हे यापुढे दुसरा कोणी सांगणार नाही. सांगायला आलाच, तर त्याला तिथेच अडवीन. सगळ्यांसमोर.