नकाशात चुकलेली विहीर

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याच्या तोंडावर हसणारी बाई आहे मी. नवी मुंबईत, सीवूड्सला एका सर्वेअरच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर नकाशे काढते. मोजमाप जुळलं तर खरं, नाहीतर नाही... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण घडलं ते घडलं!

आमचं गाव करावे. गावदेवीच्या देवळाजवळ गोड्या पाण्याची विहीर होती. भरावात ती गाडली गेली आणि आता तिथे पार्किंग होणार होतं. आमचे काका — वय अठ्ठ्याहत्तर, जन्मभर खाडीत जाळं टाकलेलं — एकटेच हटून बसले. "हीर हाय तिथं. मी पानी प्यालोय!" नक्की कुठे, ते मात्र सांगता येईना. देऊळ सोडून एक खूण उरली नव्हती. लोक म्हणायला लागले, म्हातारा चळला. मला असला राग यायचा!

मग वाशीच्या एका रद्दीवाल्याकडे मला एकोणिसाव्या शतकातला खिशात मावणारा नकाशा मिळाला. घडीचा, कापडावर चिकटवलेला, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला. त्यात आमचं देऊळ, आणि पश्चिमेला विहिरीचं बारीक वर्तुळ! शेजारी अंतरसुद्धा. पार्किंगचं काम बघणाऱ्या पालिकेच्या साहेबांना दाखवला. म्हणाले, "एक दिवस खणून बघा. सापडली तर विहीर राहील. नाहीतर उद्यापासून काम सुरू."

जेसीबी लावला. दुपारी एकपर्यंत पश्चिमेला दहा फूट खड्डा... नुसता मुरूम. माणसं जेवायला पांगली. काका खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. मी नकाशा उघडून बसले होते, रडूच येत होतं.

तेवढ्यात शेजारी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, किडकिडीत, बोटांची टोकं काळी. नकाशाकडे बघत हळूच म्हणाला, "बाई, चूक माझी. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा छाप सुलटा येतो. विहीर मी सुलटीच कोरली. कोणाच्या लक्षातच आलं नाही."

वेडा दिसतोय, म्हणून नकाशावरून पुन्हा मान वर केली... तर कोणी नाही. भर उन्हात, मोकळ्या मैदानात! अंगावर सर्रकन काटा आला. पण डोकं नकाशावालीचं ना — डावं-उजवं बदललं तर? पावलं मोजत मी देवळाच्या पूर्वेला गेले आणि जेवून परतलेल्या जेसीबीवाल्याला ओरडले, "दादा, इथं खणा!"

"मॅडम, नक्की ना?"

"खण रे बाबा!"

सहाव्या की सातव्या खेपेला... ठण्ण! घडीव दगडांचा गोल काठ. मग काय, अख्खं गाव धावलं. संध्याकाळपर्यंत गाळ काढला, तळाशी पाणी झिरपायला लागलं. काकांनी ओंजळभर तोंडात घेतलं आणि लहान पोरासारखे नाचले. "बग गो बाय, गोडच हाय!" चळला म्हणणारेच त्यांना खांद्यावर घेऊन मिरवत होते. साहेबांनी तिथेच पंचनामा लिहिला — विहीर राहणार!

भाऊ म्हणतो, तू कुठेतरी वाचलं असशील. अरे, पत्र्यावर उलटं कोरतात हे मला त्या दुपारपर्यंत माहीतच नव्हतं! गावात एकेकाला विचारलं. तो माणूस कोणीच पाहिला नाही. कोण होता, आजही सांगता येत नाही.

नव्या नकाशात विहीर टाकायचं काम माझ्याकडेच आलं. तीनदा मोजून, पूर्वेला टाकली. आणि भर ऑफिसात मोठ्यानं म्हणाले, "झाली बघा चूक दुरुस्त!" सगळे वळून बघायला लागले. बघू देत!