आबांनी निवडून दिलेला वस्तरा

मी माझ्या सासऱ्यांच्या गळ्याला वस्तरा लावायचे. रोज सकाळी, चहाच्या आधी.

हॉटेलात रिसेप्शनवर माझ्यासोबत असलेली मैत्रीण हे ऐकून म्हणाली होती, "किती सुना नुसतं मनात आणतात गं!"

आबांना सांगितलं, तर ठसका लागेपर्यंत हसले.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आबा मूळचे बेडसे गावचे. खंडाळ्याला रेल्वेत नोकरी, रिटायर झाल्यावर लोणावळ्यात आमच्याकडे.
दाढी रोज स्वतःच्या हाताने, तीही वस्तऱ्याने. सलूनची पायरी उभ्या जन्मात चढले नाहीत.

मग त्यांचा हात थरथरायला लागला.

एका सकाळी गालाला कापूस लावून बाहेर आले. संदीप, म्हणजे माझा नवरा, त्याच दिवशी ट्रिमर घेऊन आला. आबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत बॉक्समध्ये ठेवला.
"ह्यानं गवत कापत्यात."

सलूनमध्ये जाऊ म्हटलं, की उठून आपल्या खोलीत जायचे.

दाढी वाढत गेली. आबा विहारात जाईनासे झाले. पौर्णिमेला पांढरे कपडे मी इस्त्री करून ठेवले होते, ते तसेच खुर्चीवर राहिले.

मला ते बघवेना. म्हटलं, "आबा, मला शिकवा. मी करते."

ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत बसले. मग म्हणाले, "चप्पल घाल. बाजारात जाऊ."

मला वाटलं होतं, त्यांचाच जुना वस्तरा मला देतील. तसं म्हटलंही.
"त्यो माज्या हाताला वळलाय, पोरी. तुजा तुला येगळा."

बाजारात अन्वरभाईंचं कात्र्या-सुऱ्यांचं दुकान. त्यांनी आधी ब्लेडवाला काढला. "भाभी, सगळे सलूनवाले आता हाच वापरतात. ब्लेड घाला, काम झालं की फेका. शिकणाऱ्यासाठी एकदम बेस्ट."

"न्हाई," आबा म्हणाले. "फेकायचं म्हनलं की मानूस बेफिकीर व्हतो."

माझी नजर दुसऱ्याच वस्तऱ्यावर. चमकती मूठ, रुंद पातं, टोक एकदम चौकोनी. स्टेटसला फोटो टाकावा असा.

आबांनी तो मिटवून बाजूला सारला. "टोक बघ त्येचं. तुजा हात घसरला तर माजा कान हितंच ऱ्हाईल."

मग एकेक वस्तरा माझ्या हातात. उघड. धर. मनगट फिरव.
"जड वाटतुय?"
"थोडासा."
"मग न्हाई."

शेवटी एक साधा, काळ्या मुठीचा. पातं अरुंद, टोक गोल. तो हातात धरून मी अन्वरभाईंशी गप्पा मारत राहिले, हातात काही आहे हेच विसरून.

"ह्योच," आबा म्हणाले.

दुकानाच्या पायरीवर चहा घेताना ते आपणहून बोलायला लागले.
"माज्या बापाच्या दाढीला गावात कुनी हात लावत नव्हतं. सावली चालत न्हाई, तितं गाल कुटला चालतुय? मग बापानं वस्तरा आनला. आख्ख्या वस्तीची दाढी त्योच करायचा. तवापासनं आमच्यात पैला वस्तरा थोरल्यानं निवडून द्यायचा. मला बापानं दिला, संदीपला मी दिला."

चहाचा घोट घेतला.

"आन आज तुला."

संदीपचा कपाटात पडून होता, एकदाही न वापरलेला. आणि इथे सुनेला नवा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण त्या घरातली मी पक्की झाले ती त्या पायरीवर, असं मला तरी वाटतं.

घरी आल्यावर फुग्यांना फोम लावून प्रॅक्टिस. फुगे फटाफट फुटायचे. शेजारच्या काकू विचारायला आल्या, "कुणाचा वाढदिवस?"

धार नीट राहावी म्हणून वस्तरा चामड्यावर ओढायचा असतो. आबांनी नोकरीतला जुना पट्टा खिडकीच्या गजाला बांधला. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, असं दहादा सांगितलं. मी नेमकं उलटं केलं. पट्ट्याला मधोमध चीर.

"आख्ख्या नोकरीत सायबाला माजा पत्ता कापाया जमला न्हाई," आबा म्हणाले, "माजा पट्टा तू कापलास!"

शेवटी फुगे संपले आणि आबा खुर्चीत बसले.

"गाल फक्त. गळा ऱ्हाऊ दे."

गाल गुळगुळीत, गळ्यावर जंगल. कितीतरी दिवस हेच. मी विचारायचे, "आज गळा?" ते मान हलवायचे.

मग वैशाखी पौर्णिमा आली. पांढरा सदरा घालायच्या आधी ते खुर्चीत बसले, गालांची दाढी होऊ दिली, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

"कर."

"आबा, भीती नाही वाटत?"

"वाटती की. पन तुला माज्यापरीस जास्त वाटती. म्हनून चालंल."

त्या दिवशी विहारात ते पहिल्या रांगेत बसले होते. ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, "सुनंनं केली." मी मागे बसून ऐकत होते. इतका आनंद मला क्वचितच झालाय.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी न्हावी आणायला निघालं. संदीपने थांबवलं. "नको. ती करील."

दोन्ही गाल झाले. मी सवयीने म्हणाले, "आबा, हनुवटी वर करा."

मग मीच हळूच वर केली.

कुठेही लागू दिलं नाही.

आज सकाळी मी माझा वस्तरा त्या चीर पडलेल्या पट्ट्यावर ओढत होते. वापरायचा नाही तरी ओढते.

संदीप कपाटातून त्याचा वस्तरा घेऊन आला. आबांनी दिलेला. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"कर," म्हणाला. आणि लगेच, "गाल फक्त. गळा राहू दे."

आबा, पोरगा तुमच्यावरच गेलाय.

गळ्यापर्यंत पोचेन मी. घाई नाही.

तुम्ही निवांत राहा. जय भीम.