कॉम्प्युटरला लावलेलं कुंकू

कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, लाल दिवा लुकलुकत होता आणि पडदा काळाठिक्कर. दसऱ्याची दुपार होती. सोमवारी माझी टायपिंगची परीक्षा.

परीक्षा हौसेची नव्हती. नवरा गेल्यावर त्याच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर कारकुनी मिळाली, ती एका अटीवर. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंग पास व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. आधी आपटले होते, आता मुदत संपत आली होती. घरात मी आणि सासूबाई, दोघीच, आणि चूल माझ्या पगारावर. म्हणून सरावासाठी देवळालीतल्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचा जुना कॉम्प्युटर घेतला. "मॅडम, घोडा आहे घोडा," म्हणून स्टुडिओवाल्याने गळ्यात मारला. घोड्याने ऐन लढाईच्या तोंडावर बसकण मारली.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सासूबाईंनी विळा, खुरपं, कुदळ पुजली आणि मग मोर्चा कॉम्प्युटरकडे वळवला.

"आपलं पोट ह्याच्यावर हाय. ह्याला कसं इसरायचं?"

कुंकवासाठी त्यांनी माझा करंडा काढला. घरात दुसरा नव्हताच. त्यांचं कपाळ कधीचं कोरं, माझंही आता तसंच. नवरा गेल्यापासून त्या करंड्याला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याला पुढून बोट लावलं, मग मागे वाकून तारांच्या मुळाशीही कुंकू ओढलं.

दसऱ्याला सोनं द्यायला लोक येणार, म्हणून सकाळी कॉम्प्युटरचं टेबल आतल्या खोलीत नेलं. तारा काढल्या, तिकडे पुन्हा जोडल्या. तेव्हापासून पडद्याने डोळा उघडला नव्हता.

दुरुस्तीवाला सणाला गावी गेलेला. फोनवर म्हणाला, रॅमची पट्टी काढा आणि खोडरबराने घासा. घासली. आतला सेल काढून परत बसवा. बसवला. शेजारणीचा मॉनिटर आणून त्याच तारेला जोडला, तोही काळा. "मग बोर्ड गेला असंल. मंगळवारी बघू," म्हणाला. मंगळवारी मला काय त्याची आरती करायची होती?

सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. पुरणपोळीचं ताट तसंच झाकलेलं.

"माझ्याच हातानं झालं गं. कुकू आत गेलं असंल. पोराची नौकरी घालवली म्या."

पोराची म्हणाल्या. तो जाऊनही नोकरी अजून त्याचीच होती, मी फक्त सांभाळत होते आणि तीही आता माझ्या हातून निसटत होती. तसं काही नाही हो आई, असं म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मला खरंच वाटलं, संपलं सगळं. सोमवारी जायचं, नापास व्हायचं आणि त्याची खुर्ची रिकामी करून यायचं.

निदान डबा पुसून कोपऱ्यात ठेवावा म्हणून रडतच तारा उपसायला घेतल्या. मॉनिटरच्या तारेचं निळं टोक हातात आलं. त्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुठे? ज्या भोकातून तार काढली तिथे लाल काही नव्हतं. वाकून पाहिलं. बरंच खाली अगदी तसंच दुसरं भोक होतं आणि त्याच्या कडेला पत्र्यावर लाल बोट, तेही अर्धंच.

म्हणजे पूजेच्या वेळी तार खाली होती. सकाळी मी ती वरच्या भोकात खुपसली होती. फोटोंसाठी स्टुडिओवाल्याने आत वेगळं कार्ड बसवलेलं, खालचं भोक त्याचं, चित्र तिथूनच येतं, हे मला नंतर कळलं.

तार खाली लावली. कुंकवाचं बोट अखंड झालं. बटण दाबलं आणि पडदा उजळला.

"आई, बघा! तुमच्या कुंकवानंच दाखवलं."

सासूबाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग उठून करंडा घेऊन आल्या. मला वाटलं, पुन्हा पूजा. पण त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझी हनुवटी धरली.

"आई, अहो, लोक काय म्हणतील?"

"मशिनीला चालतं, तर तुला का न्हाई?" त्यांनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं. "बस आता लिहायला."

सोमवारी मी तशीच परीक्षेला गेले. नोकरी राहिली, आणि कुंकूही.