सायकलवर इरलं

मंडळी, आज भंडारदऱ्याचा चढ अर्ध्यातच सोडणार होते. पाऊस आडवा, महागाचा रेनकोट आतूनही ओला.

रस्त्याकडेला भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालली होती. मला कुडकुडताना पाहून एका मावशींनी बांधावरचं जावेचं इरलं, म्हणजे पाठ झाकणारं कामट्या-पानांचं छप्पर, माझ्यावर चढवलं.

"मावशी, हे सायकलवर कसं चालेल?"

"का न्हाई? आमी वाकून लावतो, तू वाकून चालवती."

खरंच चाललं. वर पोहोचले तेव्हा पाठ उबदार होती. उतारावर मात्र इरल्यात वारं भरलं आणि ते मलाच उडवायला निघालं. मग मावशींच्या शेतापर्यंत सायकल हातात धरून उतरले.

इरलं परत घेताना मावशी म्हणाल्या, "रविवारी आवनीला ये. पाठ तयार हाय तुझी."

मी जातेय. अजून कुणाची पाठ तयार आहे?