काच वर केलेला फोटो

वाईट जोड दिसला की वेल्डिंगचे सर थुंकायचे. जोडावर नाही, कोपऱ्यातल्या राखेच्या डब्यात. पण ज्याला कळायचं त्याला कळायचं. सर झाईच्या मच्छीमार घरातले. "भर दर्यात जोड सुटला तर मला हाक मारणार काय तिथून?" एवढंच विचारून ते काम पुन्हा करायला लावत. तलासरीच्या त्या संस्थेत पोरं त्यांना टरकून असत आणि डब्यातला सुका बोंबील मात्र त्यांच्याच हातचा खात.

मी तिथे आलो जिल्ह्याच्या कौशल्य स्पर्धेचा प्रचार करायला. 'हाती हुन्नर, गावाची शान' हे माझं घोषवाक्य. बॅनर बघून सर म्हणाले, "शान कोणाची? सगळीकडे पाहुण्यांचेच फोटो बसलेत." मला राग आला, कारण ते खरं होतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सर सामान आणायला कासाच्या बाजारात गेले होते. मी त्यांच्या वर्गातल्या सायवनच्या सुनंदाला पोस्टरसाठी वेल्डिंग करत उभं केलं. ती पहिली येणार, हे सगळे धरूनच चालले होते. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. मला ठिणग्या हव्या होत्या आणि हसरा चेहराही.

"जोड चालू असताना तोंडावरची काच वर करू नको सांगतात सर," ती म्हणाली.

"अगं, दोन सेकंद!"

दोन-दोन सेकंद करत मी वीस फोटो काढले.

संध्याकाळी वेल्डिंगच्या त्या उजेडाने तिच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचू लागलं. सरांनी घरून बटाटे आणून चकत्या तिच्या डोळ्यांवर ठेवल्या. सकाळी तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पण पत्र्यावरची रेघच तिला दिसेना. सरांनी तिला हाताला धरून बाहेर आणलं. मला ते एवढंच म्हणाले, "जोडाचा फोटो काढायचा होता ना, साहेब."

पोस्टर झकास निघालं. डहाणूपासून झाईपर्यंत लागलं, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. सुनंदा आता गुजरातेतल्या एका कारखान्यात खोकी भरते. त्या पोस्टरची मला किळस येते, आणि त्याहून जास्त स्वतःची.

यंदा सर निवृत्त झाले. मी लाजत म्हणालो, "सर, निरोपाचा बॅनर करतो. तुमचा एक फोटो द्या."

"माझा नको. तिचा उतरवा आधी," सर म्हणाले. "तो बघून नवी पोरं काच वर करून काम करतात."