उदबत्त्यांचं भांडं कुणी फोडलं

लुयेन माझी शेजारीण. आमच्या सा देक गावात नदीकाठी आम्हा दोघींचे शेवंतीचे वाफे लागून आहेत. दिसायला गरीब, पण डूख धरावा तो तिनंच. मला अशीच माणसं आवडतात.

दोन वर्षांपूर्वी तिच्या सासऱ्यांच्या श्राद्धाला पूर्वजांच्या देव्हाऱ्यातलं उदबत्त्या खोवायचं भांडं फुटलेलं सापडलं. जवळ उभी होती खुए, लुयेनची तेव्हा सात वर्षांची स्वमग्न पोर. "हिनंच फोडलं," जाऊ सेन म्हणाली. खुए नुसती "फुटलं, फुटलं" करत राहिली. सासूनं लगेच फर्मान काढलं, ही पोर यापुढे पंगतीत बसणार नाही, मागं चुलीपाशी जेवेल.

"सेननंच फोडलंय," लुयेन मला म्हणाली. "पोरीच्याच तोंडून वदवते. भर पंगतीत मेलीचं नाक नाही कापलं, तर नावाची लुयेन नाही!"

खुए जायची त्या स्वमग्न मुलांच्या केंद्रातल्या बाई लुयेनला म्हणाल्या होत्या, 'अमक्याला वाटतं की' असं वाक्य पोरीच्या तोंडी बसलं, तर दुसऱ्याच्या डोक्यात वेगळं काही असतं हे तिला उमगायला मदत होईल. झालं! रोज मी कात्री लाल कुंडीखाली ठेवायची, माझी पाठ वळली की लुयेन ती दुसरीकडे लपवायची. "मावशीला काय वाटतं, कात्री कुठाय?" पोर आपली खऱ्या जागेकडे बोट दाखवायची. दोन वर्षं वाकून वाकून माझी कंबर गेली. आणि एक दिवस खुए म्हणाली, "मावशीला वाटतं की कात्री लाल कुंडीखाली आहे."

लुयेन ढसाढसा रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता सेन."

यंदाच्या श्राद्धाला मी मुद्दाम गेले. भांडण बघायला, खोटं कशाला बोलू! लुयेननं पोरीला चुलीपासून उठवून थेट पंगतीत उभं केलं.

"सांग खुए, भांडं कुणी फोडलं?"

"काकूला वाटतं की मी फोडलं," खुए म्हणाली. "आईला वाटतं की काकूनं फोडलं." लुयेनचा चेहरा खाडकन उतरला. "आजीनं फोडलं. आजीला वाटतं की मी बघितलं नाही."

सासूच्या हातातला घास तसाच राहिला. तिनं मान खाली घातली.

लुयेनला सेनकडे बघवेना. सेननंच सरकून खुएला शेजारी बसवून घेतलं.

मग लुयेननं सासूपुढचा भाताचा वाडगा उचलला.

"उठा आई," ती म्हणाली. "तुमचं पान मागं चुलीपाशी मांडते."